इस्तंबूलच्या बोक्याला भरवणाऱ्या रत्नागिरीकरास



तुमचा फोटो पाहिला. इस्तंबूलमधल्या कुठल्याशा मशिदीच्या पायऱ्यांवर तुम्ही उकिडवे बसला आहात. हातात हॉटेलच्या नाश्त्यातून कागदी रुमालात बांधून आणलेलं चीज, समोर एक तांबूस बोका, आणि चेहऱ्यावर जे भाव आहेत ते मुलाच्या मुंजीतही दिसले नव्हते. खाली ओळ, ‘इथे रस्त्यावरच्या मांजरांनाही घर आहे!’ आळीच्या ग्रुपवर अंगठ्यांची रास पडली. त्यात एक माझाही होता.

पत्र उघड लिहितोय, कारण तुम्ही एकटे नाही. आंब्याचा हिशेब मिटला, मुलांच्या परीक्षा झाल्या की आपल्याकडची बरीच मंडळी आता टूरवर निघतात. थायलंड, बाली, भूतान, नेपाळ, तुर्कस्तान. काही जहाजावर असतात, काही वर्षानुवर्षं आखातात राहतात. आणि यातल्या पुष्कळांना परमुलखात पाऊल टाकलं की रस्त्यावरच्या जनावराची माया येते. तिच्यामुळे त्या जनावराचं पुढे काय होतं, आणि ती आपल्या अंगाशी कशी येऊ शकते, याबद्दल बोलायचं आहे.

तुमच्या मायेवर मला शंका नाही. शंका आहे ती तिच्या पत्त्यावर. मारुती मंदिरच्या नाक्यावर तुम्ही ‘हाड्’ म्हणता आणि बॉस्फरसच्या काठावर ‘ये ये, बाळा’ म्हणता. याला लगेच ढोंग म्हणायचं कारण नाही. इथला कुत्रा तुमच्यासाठी नुसता कुत्रा नसतोच. रात्री साडेबाराला स्कूटरमागे धावतो तो, कचऱ्याची पिशवी फाडून अंगणभर पसरतो तो, त्याच्यावरून शेजाऱ्याशी वाजलेलं असतं, नगर परिषदेत दिलेल्या अर्जाची पोच तुमच्या कपाटात पडून असते. तिथला कुत्रा या सगळ्यातून सुटलेला. त्याच्या खरजेचं काय, कुत्री असेल तर तिच्या पुढच्या वेताचं काय, उद्या कोणाच्या पोराला चावला तर काय, यातला एकही प्रश्न तुमच्या दारात येणार नाही. परवा तुमचं विमान आहे. उद्याची जबाबदारी नसली की दया फार मोकळेपणी वाहते.

गंमत म्हणजे गोऱ्यांचंही हेच होतं, आपल्याकडे आल्यावर. लांब कशाला, गोव्यातच बघा. थंडीत कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर येणारा पाहुणा शॅकमधल्या आपल्या खुर्चीखाली झोपणाऱ्या कुत्र्याला नाव देतो, ऑम्लेट घालतो, त्याच्याशी आपल्या भाषेत बोलतो आणि उन्हाळा लागला की निघून जातो. पावसाच्या तोंडावर शॅक उतरतात. मग माणसाच्या हातचं खायला शिकलेलं ते कुत्रं, मधल्या काळात वाढलेल्या पिल्लावळीसकट, गावातल्या उकिरड्यावर येतं आणि गावची कुत्री त्याला फाडतात. पाहुणा मायदेशी त्याचा फोटो फ्रेम करून लावतो. त्यात त्याचाही काही दुष्टपणा नसतो.

पण त्याच गोव्यात काही पाहुण्यांनी वेगळं केलं, आणि ते मला तुम्हाला जरा सविस्तर सांगायचं आहे. १९९८ साली जॉन आणि जो हिक्स या इंग्रज दाम्पत्याने आसगावात इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू या संस्थेचं केंद्र सुरू केलं. ऑम्लेटऐवजी शस्त्रक्रियेचं टेबल. कुत्री आणायची, नसबंदी करायची, लस टोचायची आणि जिथून उचलली तिथे नेऊन सोडायची. हे काम फोटोत चांगलं दिसत नाही. २०१३ साली ल्यूक गॅम्बल या ब्रिटिश पशुवैद्यकाच्या पुढाकाराने मिशन रेबीज ही मोहीम भारतात सुरू झाली आणि पुढे गोवा सरकारला सोबत घेऊन तिने सगळं राज्यच अंगावर घेतलं.

त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. एका गाडीत चार-पाच माणसं. कोणाच्या हातात लांब दांड्याची मोठी जाळी, कोणाकडे बर्फाच्या पेटीत लस, एकाच्या हातात मोबाइल. वाड्यात शिरायचं, पाळलेला कुत्रा मालकाने धरायचा, मोकळा दिसला की त्याच्यावर जाळी टाकायची. मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई, अंगावर रंगाचा पट्टा, आणि सोड. सगळा मामला मिनिटाच्या आत. मोबाइलवाला त्या जागेची नोंद करतो. मग त्याच वाड्यात पुन्हा फेरी मारायची, ती टोचायला नव्हे, मोजायला: दिसलेल्या कुत्र्यांपैकी किती रंगवलेली आणि किती कोरी. शंभरात सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असा जगभरचा अनुभव आहे. सत्तरच्या खाली भरलं की गाडी पुन्हा त्याच वाड्यात. पाच लाखांहून अधिक लसी टोचून झाल्यावर, २०२१ साली, गोवा सरकारने राज्य ‘रेबीज नियंत्रित’ म्हणून जाहीर केलं. त्याआधीच्या तीन वर्षांत तिथे माणसाचा रेबीजने एकही मृत्यू झाला नव्हता.

या मोहिमेत परदेशातून पशुवैद्यक आणि स्वयंसेवक यायचे, दोनेक आठवड्यांसाठी, आपल्या खर्चाने. म्हणजे तेही तुमच्यासारखे पाहुणेच. पण त्यांच्या त्या दोन आठवड्यांच्या आधी आणि नंतर तिथे वर्षभर राबणारी गोव्याची माणसं होती. पाहुण्याने येऊन त्यांच्या हाताला हात लावला, एवढंच. माझं तुमच्याकडे मागणं काय आहे ते यावरून लक्षात आलं असेल.

फुकेटलाही हेच. थायलंडच्या टूरमध्ये तुम्ही तिथे दोन रात्री होता. सोई डॉग ही तिथली संस्था २००३ साली मार्गो होम्बुर्ग ही डच बाई आणि जॉन व गिल डॅली हे इंग्लंडहून निवृत्त होऊन आलेलं जोडपं, यांनी उभी केली. २००४ साली गिलबाई एका कुत्र्याला काढायला पाणी साचलेल्या शेतात उतरल्या, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. त्याच डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा त्या चाकाच्या खुर्चीवरून मदतीच्या कामात होत्या. २०१७ साली त्या गेल्या, तोवर काम सुटलं नव्हतं. फुकेट त्यांनी पर्यटक म्हणूनच पाहिलं होतं. नंतर त्या तिथल्याच झाल्या.

इतकं मोठं उदाहरण नको असेल तर राजिवड्याचे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. मस्कतला एका हॉटेलच्या भटारखान्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. रात्री काम आटोपलं की ते माशांची डोकी-शेपट्या मीठ-मसाला न लावता उकडायचे, बोटांनी चाचपून काटे काढायचे आणि मागच्या गल्लीत ठरल्या कोपऱ्यात ताटली ठेवायचे. मांजरांचं खाऊन झालं की ताटली उचलायची आणि जागा बादलीभर पाण्याने धुवायची. न धुतली तर शेजारचा दुकानदार नगरपालिकेला फोन करणार आणि पिंजरा घेऊन माणसं येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक. सुट्टीवर घरी यायचे ते एका केरळी सोबत्याला ताटली सोपवून. एका वर्षी तो सोबतीही रजेवर निघाला, तर यांनी आपली सुट्टी पुढे ढकलली. घरच्यांनी काय काय ऐकवलं असेल ते मी लिहीत नाही. त्या मांजरांचा एखादा फोटो दाखवा म्हटलं, तर त्यांच्याकडे एकही नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही चार दिवसांचे पाहुणे. आम्ही काय फुकेटला बिऱ्हाड करायचं? नका करू. चार दिवसांच्या माणसाच्या हातूनही होण्यासारखं बरंच आहे.

आधी कान बघा. जगात बऱ्याच ठिकाणी नसबंदी झालेल्या भटक्या जनावराच्या कानावर खूण असते. आपल्याकडे आणि भूतानात कानाचा छोटा तुकडा कापलेला दिसतो, तुर्कस्तानात कुत्र्यांच्या कानाला प्लास्टिकचा बिल्ला. खूण दिसली की समजा, या जनावराला कोणी वाली आहे, त्याची काळजी वाहणारं कोणी इथे राहतं. त्या माणसाला शोधा. हॉटेलच्या काउंटरवर विचारा, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारा. त्याला नक्की ठाऊक असतं. जखमी जनावर दिसलं तर स्वतः उचलायला जाऊ नका. फोटो आणि ठिकाण त्या माणसाला पाठवा, पैसे द्यायचे तर दवाखान्यात नेऊन द्या आणि पावती घ्या. एका कुत्रीच्या शस्त्रक्रियेला लागणारे पैसे तुमच्या एका दिवसाच्या खरेदीतून सहज निघतात. त्या पैशाने तिची पुढची सगळी वेतं थांबतात.

आणि कायदा काय आहे तेही विचारून घ्या, कारण तो बदलतो. तुम्ही ज्यांच्या प्रेमळपणाचं कौतुक केलंत त्या तुर्कस्तानात २००४ पासून कुत्री पकडून, नसबंदी करून, परत सोडायचा कायदा होता. जुलै २०२४ मध्ये त्यांच्या संसदेने तो बदलला, आता नगरपालिकांनी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायची आहेत. निवारे पुरेसे नाहीत म्हणून तिथली माणसं रस्त्यावर उतरली. जुन्या इस्तंबूलकरांना यावरून १९१० साल आठवलं. त्या वर्षी तिथल्या सरकारने शहरातली हजारो कुत्री होड्यांत भरून मार्माराच्या समुद्रातल्या एका ओसाड बेटावर नेऊन टाकली. पाणी नाही, अन्न नाही. त्यांचं रडणं वाऱ्यावरून शहरात ऐकू यायचं म्हणतात. (त्याच सुमारास इंग्रज सरकार आपल्याकडे मंडालेच्या हद्दपार राजासाठी थिबा राजवाडा बांधून पुरा करत होतं. हद्दपारीतही राजाला महाल मिळतो.) म्हणजे तुमच्या फोटोतलं ‘घर’ हे तिथेही भांडूनच टिकवलेलं आहे. आपल्याकडचा वाद तर ताजाच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात ठेवायला सांगितली, दहा-बारा दिवसांत तो आदेश सौम्य करून नसबंदी आणि लसीनंतर परत सोडायला आणि नेमलेल्या जागीच खायला घालायला सांगितलं. मग नोव्हेंबरात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातल्या कुत्र्यांना या परत सोडण्यातून वगळलं. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली तेही त्याच वर्षी. व्हेनिसच्या ज्या चौकात कबुतरं अंगाखांद्यावर घेऊन फोटो काढायची पद्धत होती, तिथे दाणे टाकायला २००८ पासूनच बंदी आहे. सिंगापुरात दंड बसतो. तेव्हा ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे परक्या मुलखातल्या पोलिसाला सांगायची वेळ आणू नका.

खायला घालायचंच असेल तर थोडक्यात: चॉकलेट, बेदाणे, कांदा कुत्र्याला विष आहे. शिजलेल्या कोंबडीचं हाड चिरफळतं आणि आतड्यात रुततं. मोठ्या मांजराला दूध बहुधा सोसत नाही, पोट बिघडतं. ते चीजही त्यातलंच. बिस्किटाने शेपूट हलते, पोट भरत नाही. पाणी मात्र कुठेही चालतं, आणि ते द्यायचं कोणाला सुचत नाही. एकटं दिसलेलं पिल्लू ‘अनाथ’ म्हणून उचलू नका. त्याची आई बहुतेक वेळा पोटाच्या मागे गेलेली असते आणि तुम्ही बघत उभे आहात म्हणूनच जवळ येत नाही. लांब जाऊन तासभर वाट बघा.

माकडांना काहीही देऊ नका. यावर चर्चा नाही. बालीत उलुवाटूच्या देवळातली माकडं प्रवाशांचे चष्मे, फोन पळवतात आणि खाऊ मिळाल्याशिवाय परत करत नाहीत. कशाच्या बदल्यात काय मागायचं याचा त्यांचा हिशेब किती पक्का आहे यावर शास्त्रज्ञांनी अभ्यासही केला आहे. आपल्या घाटात गाडी थांबवून केळी वाटणारे भाविक हाच धडा इथल्या वानर-माकडांना देतात, आणि त्याची फी बागायतदार भरतो. तुमचीच काजूची बाग आहे. तुम्हाला मी वेगळं काय सांगू?

आता ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं ते. बोक्याला भरवताना त्याने तुमच्या मनगटावर ओरखडा काढला होता. फोटोत दिसतो. तुम्ही तो मिरवलात. रेबीज कुत्र्याच्या चाव्यानेच होतो असं नाही. मांजर, माकड, कोल्हा, कोणाच्याही चाव्याने किंवा रक्त आलेल्या ओरखड्याने होऊ शकतो. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी नव्याण्णव टक्के कुत्र्यामुळे, हे खरं; पण उरलेल्या एकातही माणूस असतो. लक्षणं दिसली की मग औषध नाही. आणि लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे चावा तिथला आणि मरण रत्नागिरीत, तेव्हा टूरचे फोटोही सगळ्यांचे बघून झालेले असतात.

बाली बेट २००८ पर्यंत रेबीजमुक्त होतं. तो एकदा शिरला आणि पुढच्या काही वर्षांत शंभराहून अधिक माणसं गेली. आधी त्यांनी कुत्री मारून पाहिली. आटोक्यात आला तो सरसकट लस टोचायला लागल्यावर. अशा ठिकाणी जाणार असाल आणि जनावर दिसलं की हात पुढे जाणारच असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून आधीची लस घ्या. दोन किंवा तीन टोचण्या असतात. ती घेतलेली असली तरी चावल्यावर दोन डोस लागतातच, पण जखमेत भरायचं सीरम लागत नाही, आणि ते सीरमच परदेशात, विशेषतः छोट्या बेटांवर, वेळेवर मिळत नाही. आधी काही घेतलेलं नसेल तर चावल्या दिवशीच सुरुवात, आणि पुढचे डोस तारखेला तारीख. टूर चुकली तरी चालेल. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ ही धास्ती अजून आपल्याकडे आहे. ती जुनी लस भारतात २००४ अखेर बंद झाली. आता दंडात, चार-पाच वेळा. नंतर मनगटाचं काय केलंत ते मला खासगीत कळवा.

आणि नंतर ग्रुपवर तुम्ही लिहिलेलं ते ‘घेऊन जावंसं वाटलं हो!’ प्रकरण. तुम्ही आणू शकत नाही. भारतात परदेशातून कुत्रं-मांजर आणायची मुभा मुख्यतः मुक्काम हलवून परत येणाऱ्यांना आहे, आठवड्याच्या टूरवाल्याला नाही. उलट दिशेचं सांगतो, कारण दर डिसेंबरात कोणाची तरी भाची न्यू जर्सीहून येते, भाट्याच्या किनाऱ्यावर एक पिल्लू उचलते आणि ‘मामा, मी याला नेणार’ म्हणते. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत सहा महिन्यांपेक्षा लहान कुठलाही कुत्रा नेता येत नाही. भारत रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांच्या यादीत असल्याने मायक्रोचिप, लस, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली रक्ततपासणी आणि ठरलेल्या मोजक्या विमानतळांपैकी एकावरच्या केंद्रात आधी केलेलं आरक्षण, एवढं सगळं लागतं. ब्रिटन आणि युरोपला लसीनंतर तीस दिवसांनी रक्त घ्यायचं आणि त्यानंतर तीन महिने थांबायचं. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट नेताच येत नाही. भाचीची रजा तीन आठवड्यांची. मग पिल्लू राहतं मामाकडे, आणि मामा ते पुलाच्या पलीकडे सोडून येतो. मामाचं नाव मी घेत नाही.

एकनाथांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली ती याच विषयावरची आहे, हे मला फार उशिरा सुचलं. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेला प्रवासी, वाळवंटात तहानेने तडफडणारं गाढव, आणि देवाच्या अभिषेकाचं पाणी त्याच्या तोंडात. कीर्तनकार यातून समदृष्टी सांगतात, ते बरोबरच आहे. मला त्यातला व्यवहारही दिसतो. नाथांनी नाश्त्यातलं उरलेलं दिलं नाही, शेकडो कोस खांद्यावरून वाहून आणलेलं दिलं. त्यांच्या कावडीत काय आहे यापेक्षा गाढवाला काय हवं आहे ते त्यांनी पाहिलं. आणि गाढव काही ते पैठणला घेऊन आले नाहीत.

राहता राहिली आपली रत्नागिरी. भूतानने चौदा वर्षं खपून दीड लाखाहून अधिक कुत्र्यांची नसबंदी केली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये देशातल्या एकूण एक भटक्या कुत्र्याची ती झाल्याचं जाहीर केलं. तुम्ही पारोला गेलात तेव्हा तिथली कुत्री ‘किती शांत’ वाटली ती यामुळे. तिथला बौद्ध धर्म कारण असेलही. पण धर्म आपल्याकडेही कमी नाही. ग्रामदैवत आपलं भैरी, भैरवाचं वाहन कुत्रा. नेपाळात ज्या दिवशी कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालून कपाळाला टिळा लावतात, तो आपल्या नरक चतुर्दशीचा दिवस. आपणही त्या दिवशी त्याच्याजवळ माळच लावतो, फटाक्यांची.

किनाऱ्यावर कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांसाठी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यातलीच. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. मादी थंडीत रात्री वाळूत येते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळूने झाकते आणि समुद्रात निघून जाते. पहाटे कासवमित्र तिच्या पायांच्या खुणांवरून घरटं शोधतात आणि अंडी उचलून जाळीच्या कुंपणात नव्या खड्ड्यात ठेवतात. कुंपण कशासाठी? अंडी चोरणारी माणसं आता जवळपास थांबली. उरली ती कोल्ही आणि कुत्री. कुत्र्याला वाळूखालच्या अंड्यांचा वास लागतो, आणि एक कुत्रा रात्रीत अख्खं घरटं फस्त करतो. आंजर्ले, गुहागर, गावखडी, सगळीकडे हीच काळजी. तुम्ही सुट्टीत किनाऱ्यावर कुत्र्यांना पाव टाकता, कुत्री किनाऱ्याला रुळतात, तुम्ही सोमवारी परत जाता. त्यांनी मग खायचं काय? ओहोटीच्या वाळूवर बसून मी कोणाला हे सांगायला गेलो की मला प्राण्यांचा शत्रू ठरवतात.

तुमच्या जिन्याखाली ती करडी कुत्री आहे, तिला यंदा पुन्हा वेत येणार. २०२३ च्या नियमांनुसार तिची नसबंदी आणि लस ही नगर परिषदेची जबाबदारी आहे आणि अर्ज कसा करायचा ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एक तर तुमच्या कपाटात आहेच, तो ‘बंदोबस्त करा’ असा होता. या वेळी ‘निर्बीजीकरण करून याच जागी परत सोडा’ असं लिहा, खाली मी सही करतो. तेवढ्याने काम होणार नाही. धरायला माणसं येतील त्या दिवशी सकाळपासून तिला गेटच्या आत थांबवून धरायला तिच्या ओळखीचा माणूस लागतो, आणि तिला ओळख तुमच्या पोरीची आहे. पोरीची त्या दिवशीची शाळा बुडवावी लागेल. शस्त्रक्रियेनंतर परत आणल्यावर पहिले काही दिवस टाक्यांवर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं. त्या आठवड्यात तुम्ही व्हिएतनामला नसाल अशा बेताने तारीख धरू.

आपला,
आळीतला एक शेजारी

ता. क. : हॉटेलातल्या साबणाच्या छोट्या वड्या तुम्ही दर टूरहून पिशवीभर आणता, हे सगळ्या आळीला माहीत आहे. पुढच्या वेळी त्यातली एक तिथेच खिशात ठेवा. कुठल्याही जनावराने चावलं-ओरबाडलं तर हळद, चुना, तिखट, तिथलं कुठलं मलम, काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून, आणि तसंच टॅक्सीत बसून दवाखाना गाठायचा. टूर मॅनेजर ‘बस सुटेल’ म्हणाला तर सुटू द्या.